सिम बदलल्यावर नोकिया 1100 मधली सगळी नावे दिसेनाशी झाली आहेत

रानजाई

नमस्कार. माझी आई 76 वर्षांची असून जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. गेली कित्येक वर्षे ती नोकिया 1100 हाच फोन वापरते. आम्ही हौसेने घेऊन दिलेला स्मार्टफोन कपाटात पडून आहे. रात्री गोठ्याकडे जाताना सी बटण दोनदा दाबले की टॉर्च लागतो, आणि ही सोय त्या 'काचेच्या फोनात' नाही, असे तिचे ठाम मत आहे.

गेल्या आठवड्यात फोन चालू असूनही रेंज येईना, म्हणून आम्ही तालुक्याला जाऊन त्याच नंबरचे नवे सिम घेतले. आता कॉल येतात आणि लागतातही, पण कॉन्टॅक्ट्समध्ये एकही नाव दिसत नाही. दोनचे बटण दाबून धरले की मला फोन लागत असे, तेही बंद झाले आहे. दुकानदाराने सांगितले की, नावे जुन्या सिमबरोबर गेली, आता नव्याने भरा.

अडचण अशी आहे की आईला रोमन लिपी वाचता येत नाही. नावे मी रोमनमध्ये भरली होती आणि तिने प्रत्येक नावाच्या पहिल्या अक्षराचा आकार आणि यादीतली त्याची जागा पाठ करून ठेवली होती. त्यामुळे जमल्यास तीच यादी जशीच्या तशी परत मिळवायची आहे. जुने सिम मी टाकून दिलेले नाही. काय करता येईल?

सह्यकडा

दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे असावे. नोकिया 1100 मध्ये नावे ठेवण्याच्या दोन वेगळ्या जागा असतात. एक फोनची स्वतःची, जिच्यात 50 नोंदी मावतात. आणि दुसरी सिमची, जिच्यात किती मावतात हे त्या सिमवर अवलंबून असते, पण बहुतेक सिममध्ये 250 पर्यंत नोंदी बसतात. आजच्या फोनांत सगळीकडची नावे एकाच यादीत मिसळून दिसतात, त्यामुळे हा भेद आपण विसरून गेलो आहोत. या फोनात मात्र एका वेळी एकाच जागेतली यादी दिसते. शिवाय सिम बदलले की फोन आपणहून सिमची यादी पुढे करतो. तुमचे सिम नवे कोरे आहे, म्हणून यादीही रिकामी दिसते आहे.

मेनूमध्ये कॉन्टॅक्ट्स, त्यात सेटिंग्ज आणि त्यात 'मेमरी इन यूज' या ठिकाणी जाऊन 'फोन' निवडा. नावे फोनमध्ये साठवलेली असतील तर ती तत्क्षणी परत दिसू लागतील.

हा फोन नोकियाचाच त्याआधीचा 3310 असता तर मी हे लिहिलेच नसते, कारण त्या फोनला नावांसाठी स्वतःची जागाच नव्हती. जे काही होते ते सिममध्ये. सिमबरोबर नावे जातात ही समजूत बहुधा त्या काळापासून दुकानांमध्ये चालत आली आहे.

गोदाकाठ

मी नाशिकला काही वर्षे मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर काम केले आहे, म्हणून दुसऱ्या शक्यतेबद्दल लिहितो. नावे फोनमध्ये न सापडता खरोखरच जुन्या सिममध्ये असली, तरीही आशा सोडण्याचे कारण नाही. सिम नेटवर्कवरून बंद होणे आणि सिमची चिप मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे सिम सुरू होताच कंपनी जुन्या सिमची नेटवर्कवरची ओळख रद्द करते, पण चिपवर लिहिलेली नावे पुसायला कोणी येत नाही. चिपच निकामी झाली असती तर फोनने सिम घाला असा संदेश दाखवला असता. तुमच्याकडे तर फोन चालू होता आणि केवळ रेंज नव्हती, त्यामुळे चिप वाचता येण्याची शक्यता मला बरीच वाटते.

यावर बहुतेक लोक असा सल्ला देतील की जुने सिम स्मार्टफोनमध्ये घालून नावे आयात करा. उपाय बरोबर आहे, पण जुने सिम 25 बाय 15 मिलिमीटरचे असते आणि आजच्या नॅनो सिमच्या ट्रेमध्ये ते बसत नाही. कृपा करून कात्रीने कापू नका. जुने कार्ड नॅनोपेक्षा जाडही असते, त्यामुळे कापूनसुद्धा ते ट्रेमध्ये अडकते, आणि कापताना चिपला धक्का लागला तर उरलीसुरली नावेही जातात. त्यापेक्षा तुमचा 1100 हाच टोपली म्हणून वापरा. फोन बंद करून जुने सिम पुन्हा घाला, रेंज नसल्याचा संदेश येईल तिकडे लक्ष देऊ नका, कॉन्टॅक्ट्समध्ये कॉपी निवडा आणि सिममधून फोनमध्ये सगळी नावे उतरवून घ्या. मूळ नोंदी ठेवायच्या की काढायच्या असे विचारले जाईल, तेव्हा ठेवायच्या असेच सांगा. त्यानंतर नवे सिम घालून हीच क्रिया उलट दिशेने करा. नावे पन्नासपेक्षा जास्त असतील तर दोन खेपा कराव्या लागतील.

फोनने पिन मागितला तर अंदाजाने आकडे दाबू नका. तीनदा चुकला की सिम पीयूके (अडकलेले सिम उघडण्याचा कंपनीचा संकेत) मागते, आणि पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचे निरुपयोगी होते. सिमचा पिन आणि फोनचा स्वतःचा सुरक्षा-संकेत या गोष्टीही वेगळ्या आहेत. फोनचा संकेत कोणी बदललेला नसेल तर तो 12345 असतो.

सिम काढण्याआधी आलेल्या आणि चुकलेल्या कॉलची यादी मात्र वहीत उतरवून घ्या, कारण सिम बदलल्यावर पुष्कळ जुन्या फोनांत ती पुसली जाते. सिम काढताना बॅटरीही काढावी लागते, तेव्हा ती फुगलेली नाही ना हेही पाहा. या फोनातल्या बीएल-5सी बॅटरीबद्दल 2007 मध्ये नोकियाने स्वतःच इशारा दिला होता आणि आपल्याकडे तेव्हा बॅटरीचे नंबर तपासायला लोकांची झुंबड उडाली होती. तो विशिष्ट काळात तयार झालेल्या बॅटऱ्यांचा प्रश्न होता, पण म्हातारी झालेली कोणतीही बॅटरी फुगू शकते. फुगलेली असेल तर ती चार्जिंगला न लावता बदला. याच मापाची बॅटरी आजही अनेक साध्या फोनांत वापरली जात असल्याने ती सहज मिळते. चार्जर मात्र जाड पिनचा लागतो, बारीक पिनचा चालत नाही.

मावळवारा

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. नावे मिळाली की नंबर कसे लिहिले आहेत तेही एकदा तपासा. एके काळी आपल्या सर्कलबाहेरच्या मोबाईल नंबरआधी शून्य लावावे लागे, म्हणून जुन्या याद्यांत काही नंबर शून्यासह आणि काही नुसतेच दहा आकडी असतात. सगळे +91 लावून लिहिले की कुठूनही लागतात. स्टार बटण दोनदा दाबले की अधिकचे चिन्ह उमटते. पुण्यातला लँडलाइन नंबर असेल तर त्याआधी 020 हवेच. घरच्या लँडलाइनवरून ज्यांना कोडाची गरज पडत नव्हती त्यांनी मोबाईलमध्येही तो तसाच नोंदवलेला मी अनेकदा पाहिला आहे.

बटण दाबून धरण्याची सोय साठवलेल्या नोंदीशी जोडलेली असते, म्हणून ती नव्याने लावावी लागेल. 1 चे बटण व्हॉइस मेलसाठी राखीव असते, 2 ते 9 ही आठ बटणे आपली. आपल्या आईंसाठी मला यादीपेक्षा हाच मार्ग अधिक बरा वाटतो. आमच्या आजीच्या खाटेशेजारी आम्ही एक पुठ्ठा टांगला होता आणि त्यावर आठ आकड्यांसमोर आठ जणांचे फोटो चिकटवले होते. 5 च्या बटणावर बोटाला लागणारा उंचवटा असल्यामुळे अंधारातही तिचा हात चुकत नसे, आणि त्याच कारणाने 5 वर कोण असावे यावरून माझ्या दोन काकांमध्ये पुष्कळ काळ रुसवाही चालला.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. काल गावी जाऊन सह्यकडा यांनी सांगितलेली जागा उघडली आणि 'फोन' निवडताच 43 नावे परत आली. त्यानंतर जुने सिमही घालून पाहिले, तर त्यात आणखी सहा नावे होती. त्यांपैकी दोन फोनमध्ये आधीपासूनच होती. चार नावे फोनमध्ये उतरवली आणि एकूण 47 नावे नव्या सिममध्येही कॉपी करून ठेवली. मस्कतच्या भाच्याचा नंबर +968 सह बरोबर होता, पण पुण्याच्या मावशीच्या लँडलाइनला 020 नव्हते. तो फोन 'कधीच लागत नाही' या आईच्या जुन्या तक्रारीचा उलगडा त्यामुळे झाला.

बटणेही पुन्हा लावली. आता एकच तक्रार उरली आहे. पूर्वी मामाचा फोन आला की वेगळी धून वाजत असे आणि पडद्याकडे न पाहताच आईला कळत असे. आता सगळ्यांना एकच धून वाजते. यावर काही उपाय आहे का?

सह्यकडा

आहे. कॉन्टॅक्ट्समध्ये 'असाइन टोन' हा पर्याय उघडा, मामांचे नाव निवडा आणि धून ठरवा. फोनमध्ये आणि सिममध्ये अशा दोन प्रती आता तयार झाल्या आहेत, तेव्हा 'मेमरी इन यूज'मध्ये जी जागा कायम ठेवणार असाल त्याच जागेतल्या नावाला ती लावा. पूर्वी कोणती धून होती हे मात्र आईंनाच विचारावे लागेल. एकेक वाजवून दाखवा, त्या लगेच ओळखतील.