मदत हवी आहे: कॉमन ग्रास यलो की थ्री-स्पॉट?

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ आमचं आगर आहे. दोन पावसाळे फुलपाखरांच्या नोंदी ठेवतेय. काळ्या कडेचं, छोटं पिवळं दिसलं की बिनदिक्कत ‘कॉमन ग्रास यलो’ लिहीत आले. आता त्या नोंदींची खात्री वाटेनाशी झालीय.

गडग्याच्या कडेला टाकळा माजलाय. त्यावर एकच हिरवी अळी होती, पानाच्या मधल्या शिरेला अशी चिकटलेली की बोट लागल्यावरच कळली. डोकंही हिरवं. तिचं पिवळं फुलपाखरू झालं. त्याच आठवड्यात पऱ्याकाठच्या वाकेरीच्या वेलावर बघते, तर एका डहाळीवर वीसेक अळ्या! अंग तसंच हिरवं, पण डोकी काळी कुळकुळीत. शेजारी कोष दाटीवाटीने लटकलेले. त्यांतून निघालेली फुलपाखरं मात्र हुबेहूब पहिल्यासारखी.

पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाजवळ दोन ठिपके असले तर कॉमन, तीन असले तर थ्री-स्पॉट, एवढं वाचलंय. पण ही बसतात पंख मिटून, आणि नेमके ते ठिपके मागच्या पंखाआड जातात. ओळखीचे एक काका म्हणतात, जात एकच, पावसाळी आणि उन्हाळी रूपं वेगळी. मला पटत नाही. जुन्या नोंदींचं काय करू?

प्रतिसाद:
ताई, तुमची शंका रास्त आहे. ऋतूप्रमाणे रूप बदलतं हे खरं, कोरड्या दिवसांत खालचे तपकिरी डाग गडद होतात. पण जाती दोन आहेत: शास्त्रीय नावाने कॉमन म्हणजे युरेमा हेकाबी, थ्री-स्पॉट म्हणजे युरेमा ब्लँडा. ‘ब्लँडा’ हे जातीचं नाव १८३६ सालापासून आहे. हेकाबी अंडी एकेक सुटी घालते, ब्लँडा पुंजक्याने. वाकेरीवरचा काळ्या डोक्यांचा घोळका ब्लँडाचाच. पुसट ठिपक्यांपेक्षा हा पुरावा भक्कम. जुन्या नोंदी खोडू नका, ‘युरेमा, जात अनिश्चित’ असं करा. यापुढे झाडाचं नाव जरूर लिहा, आणि उडत्या फुलपाखराला नाव देऊ नका. कोषातून नुकतं निघालेलं पंख वाळवत स्वस्थ लटकतं, तेव्हा ठिपके मोजायला सवड मिळते.

धागाकर्ती:
मनापासून आभार! वाकेरीवरचे दोन कोष काळपट-पिवळे झालेत, आतले पंख दिसायला लागलेत. उद्या उजाडताच पऱ्यावर जाते, ठिपके मोजून इथेच फोटो टाकते.