मदत हवी आहे: नागपूरचा उन्हाळा, समुद्री टँक आणि न हटणारं शेवाळ

नमस्कार मंडळी,

माझा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक (प्रवाळांचा टँक) आहे, सम्प (खालची गाळणीची टाकी) धरून साधारण २०० लिटर. दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर कोळंबी, काही टर्बो गोगलगायी आणि झोआ (वसाहतीने वाढणारे, फुलांसारखे उघडणारे), मशरूम असे मऊ प्रवाळ. (दगडी प्रवाळ ठेवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत, आणि त्यांनी समुद्रातच राहावं असं मला मनापासून वाटतं.)

मार्चपर्यंत खडक स्वच्छ होते. ऊन तापायला लागलं तसं मागच्या खडकावर हिरवं केसाळ शेवाळ धरलं, आणि आता ते झोआंच्या वसाहतीत शिरलंय. झोआ उघडू पाहतात, शेवाळाचे धागे अंगाला लागले की पुन्हा मिटतात. मधल्या काही तर उघडायच्याच थांबल्यात. जीव तुटतो बघून.

चिमट्याने दोन ठिकाणचे झुबके उपटून पांढऱ्या वाटीत पाण्यात सोडले आणि भिंगाने पाहिले. मागच्या खडकावरचे धागे साधे, गुळगुळीत, चिमटीत सहज तुटणारे. पॉवरहेडजवळचे (पाणी फिरवणाऱ्या पंपाजवळचे) मात्र वेगळे: मधोमध एक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक फांद्या, अगदी पिसासारख्या. ओढलं की वरचं हातात येतं, बूड दगडातच राहतं. गोगलगायी साधं शेवाळ चरतात, या पिसाला तोंड लावत नाहीत. हे ब्रायॉप्सिस नावाचं चिवट शेवाळच ना?

घनता १.०२५, क्षारता (अल्कलिनिटी) ८.५ डीकेएच, तापमान दुपारी २८ पर्यंत जातं. नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, दोन्ही चाचणीच्या किटवर शून्य! मग हे वाढतंय कशावर?

पाण्याचं सांगतो. मुंबईकडची मंडळी समुद्राचं पाणी आणा म्हणतात, इथून मुंबईचा समुद्र आठशेएक किलोमीटरवर. त्यामुळे मीठ कालवूनच पाणी बनवतो. कॉर्पोरेशनचं पाणी घरच्या आरओतून घेतो, मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) ४० येतो. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नाही, सम्पवर पंखे लावलेत. सध्या रोज सहा लिटर पाणी उडतं, तेवढं आरओचं भरतो.

फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध, ब्रायॉप्सिसवरही वापरतात) टाकू का? की फॉस्फेट शोषणारं मीडिया? नागपूरचा उन्हाळा काढलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद

भाऊ, मीपण नागपूरचाच. वर्णनावरून पिसासारखं ते ब्रायॉप्सिस, दुसरं साधं केसाळ शेवाळ.

किटवरच्या शून्यावर जाऊ नका. पाण्यात आलेलं सगळं खाद्य शेवाळच खाऊन टाकतं, किटला उरतं काय? मीडिया तर आत्ता अजिबात नको. फॉस्फेट खरोखरच शून्यावर गेलं की डायनोफ्लॅजेलेट्स (सूक्ष्म एकपेशीय जीव) येतात, बुडबुडे धरणारे तपकिरी चिकट धागे. ते या शेवाळापेक्षा वाईट, गोगलगायीसुद्धा मरतात त्यांनी.

खरी गोम टॉप-अपमध्ये, म्हणजे उडालेल्याच्या जागी भरता त्या पाण्यात आहे. रोज सहा म्हणजे महिन्याला १८० लिटर, जवळजवळ अख्खा टँक. वाफ उडून जाते, पण भरलेल्या पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट टँकमध्येच साचतं. मुंबईच्या दमट हवेत एवढं पाणी उडत नाही, म्हणून तिकडच्यांना ४० टीडीएस एखादवेळेस पचतो. आपल्याकडे नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) नाही पचत. पिण्याच्या बऱ्याच आरओत टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळतो. तेव्हा वेगळा आरओ मेम्ब्रेन आणि त्याच्यानंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे) लावा, मीटरवर शून्य आलं पाहिजे. सिलिकेट आरओतून थोडं निसटतंच, ते डीआय धरतं.

आणि हो, पाण्याचा कूलर टँकच्याच खोलीत असेल तर दुसरीकडे हलवा. खोली दमट झाली की सम्पवरच्या पंख्यांनी पाणी थंड होत नाही.

आधी हाताने निघेल तेवढं काढा. सुटे धागे पाण्यात फिरू देऊ नका, सायफनने लगेच ओढा. मगच फ्लुकोनाझोल, लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम. खडक आणि वाळूची जागा वजा करून खरं पाणी मोजा. गाळणीतला कार्बन (औषध शोषतो) काढून ठेवा, यूव्ही दिवा असेल तर बंद. दोन आठवडे धीर धरा. शेवाळ मरताना पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, तेव्हा पृष्ठभाग चांगला हलता ठेवा, रात्री जास्तच.

धागाकर्ता

खूप आभार भाऊ. कूलर त्याच खोलीत आहे, आजच हलवतो. डीआय लागल्याशिवाय औषध टाकत नाही. एकच विचारायचं राहिलं: कोळंबीने परवाच कात टाकलीय, तिला या औषधाचा त्रास होईल का?

प्रतिसाद

या मात्रेत सहसा होत नाही. तरी तिचं अंग कडक होईपर्यंत थांबा, नाहीतरी डीआय लागायला वेळ जाईलच. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र टँकमध्ये ओतू नका, कोळंबीला ते सोसत नाही. एखादा खडक फारच भरला असेल तर तेवढाच बाहेर काढा, प्रवाळ सोडून शेवाळावर ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड ब्रशने लावा, थोड्या वेळाने खाऱ्या पाण्यात खळखळून धुवा आणि परत ठेवा.