फुप्फुसाचं मॉडेल केलं, सगळे खूश, आणि चाचणीत उत्तर उलटं! वर्गात हाताने करायच्या अ‍ॅक्टिव्हिटी सुचवा

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवते, तिसरंच वर्ष आहे. वर्गात बेचाळीस मुलं, चाळीस मिनिटांचा तास, मायक्रोस्कोप एक आणि त्याचाही बारीक स्क्रू घसरतो.

झालं असं की श्वसनाच्या धड्याला मी नेहमीचं ते बाटली आणि फुग्याचं मॉडेल करून घेतलं. बाटलीचा तळ कापायचा, तिथे फुग्याचं रबर ताणून बसवायचं, आत स्ट्रॉला दोन फुगे, खालचं रबर ओढलं की आतले फुगे फुगतात. मुलं जाम खूश, फोटो काढले, मी पण खूश. आठवड्याने चाचणीत विचारलं की श्वास घेताना छाती का फुगते, तर निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलं "फुप्फुसात हवा भरते म्हणून." अरे, मग आपण आख्खा तास काय ओढत बसलो होतो?? छाती फुगते म्हणून हवा आत येते, हेच तर दाखवायचं होतं ना.

तर मला अशा अ‍ॅक्टिव्हिटी हव्यात ज्यात मुलांचे हात चालतील पण डोकंही चालेल. सामान साधं असू दे. आणि हेच मॉडेल करताना माझं नेमकं काय चुकलं तेही सांगा, रागावणार नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमचं एकटीचं नाही, आम्ही सगळे याच खड्ड्यात पडून आलोय. मॉडेल करायच्या आधी मुलांकडून अंदाज लिहून घेतला होता का? "रबर खाली ओढलं तर फुगे फुगतील, आकसतील की तसेच राहतील, आणि का?" हे वहीत लिहिल्याशिवाय बाटलीला हात लावू द्यायचा नाही. अंदाज चुकला की पोरगं खवळतं, आणि खवळलेलं पोरगं विचार करतं. नुसतं करून दाखवलं तर ती जादू होते, जादू बघून कोणी शिकत नाही.

दुसरं म्हणजे ते मॉडेल बरंच खोटं बोलतं. बाटलीत फुग्याभोवती केवढी मोकळी हवा असते, शरीरात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा पातळसा थर असतो, बस. बाटली कडक, बरगड्या तर वर आणि बाहेर सरकतात. आणि श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा स्नायूंचा पडदा, ज्याच्या जागी आपण ते रबर लावतो, मुळात घुमटासारखं वर आलेलं असतं, श्वास घेताना ते सपाट होतं. मॉडेलमध्ये मात्र सपाट रबर खाली लोंबतं, मग पोरं आकृतीत श्वासपटल पोटाकडे फुगलेलं काढतात. मी शेवटची दहा मिनिटं फक्त याच प्रश्नाला ठेवायचो: हे मॉडेल कुठे कुठे खोटं बोलतंय? सगळ्यात चांगली चर्चा तिथेच व्हायची.

आणि तुमच्या उलट्या उत्तरावर सोपा इलाज. दोन्ही हात बरगड्यांवर ठेवायला लावा, आधी दोन साधे श्वास. मग श्वास सोडून तोंड मिटायचं, नाक चिमटीत धरायचं आणि श्वास आत घ्यायचा प्रयत्न करायचा, अगदी दोन सेकंद. हवा आत काहीच येत नाही तरी हाताखाली बरगड्या उचलायला बघतात आणि नाकाशी, घशाशी ओढ लागते. आता विचारा, हवा तर आलीच नाही, मग छाती कोण हलवत होतं? स्नायू! दमा वगैरे असलेल्या मुलांना हे करायला लावू नका, त्यांना निरीक्षक करा.

अजून एक माझं लाडकं, यात सामान म्हणजे फक्त एक रुमाल. विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरणावर लिहिलं तेव्हा हाताच्या शिरांवरचा जो प्रयोग दाखवला होता तोच. हात खाली सोडायचा, कोपराच्या वर रुमाल हलकाच बांधायचा, शिरा फुगतात आणि त्यांच्यावर मधे मधे बारीक गाठी दिसतात, त्या झडपा. आता शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून वर कोपराकडे रक्त सारत पुढच्या गाठीच्या पलीकडे न्या, मग वरचं बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो! वरून रक्त परत येतच नाही. खालचं बोट उचललं की झर्रकन भरतो. ज्या मुलाच्या शिरा ठळक त्याला त्या दिवशी वर्गात भाव मिळतो. रुमाल अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवायचा नाही आणि गच्च तर अजिबात बांधायचा नाही.

लॅबवाला_काका

मी शिक्षक नाही, प्रयोगशाळा सहाय्यक, पण बावीस वर्षं स्लाइडा धुतल्यात म्हणून बोलतो.

एक मायक्रोस्कोप आणि बेचाळीस पोरं म्हणजे रांग लागते, रांगेत मारामारी होते, आणि ज्याची पाळी येते त्याला काय बघायचं तेच कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा आयपीसला टेकवा, हाताने थरथरतो म्हणून पुठ्ठ्याची नळी करून त्यात बसवा, आणि प्रोजेक्टर असेल तर भिंतीवर टाका. स्लाइड मात्र प्रत्येकाने स्वतः करायची.

कांद्याच्या पापुद्र्यात दर वर्षी एकच गंमत. पोरगं ओरडतं "सर पेशी दिसली!", जाऊन बघावं तर गोल गरगरीत, जाड काळ्या काठाचा हवेचा बुडबुडा. कांद्याची पेशी विटांसारखी लांबट असते आणि केंद्रक बहुतेक वेळा एका कडेला सरकलेलं असतं. बुडबुडे टाळायचे तर कव्हरस्लिप वरून टाकू नका, एक कड पाण्याला टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू निजवा. पापुद्रा दुमडला तर सोडून द्या, दुसरा काढा, दुमडलेला सरळ करत बसलात तर तास संपतो. आयोडीन एक थेंब पुरे, ओतलं तर सगळंच पिवळं.

गालाच्या आतल्या पेशी घेणार असाल तर कापसाची काडी ज्याची त्याने वापरायची आणि वापरून झाली की थेट जंतुनाशकात. मिथिलीन ब्लूचे डाग कपड्यावरून जात नाहीत, हे पालकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

चष्मिष

थोडं विरुद्ध बोलतो. सगळ्याची अ‍ॅक्टिव्हिटी करायचं खूळ आलंय. थर्माकोलची पेशी, मातीची पेशी, रंगीत कागदाचं मायटोकॉन्ड्रिया, तीन तास चिकटवाचिकटवी आणि शेवटी पोराला कळतं काय तर मायटोकॉन्ड्रिया नारिंगी असतं. त्यापेक्षा स्वतःचं शरीर घ्या, ते फुकटचं मॉडेल आहे आणि खोटंही बोलत नाही.

उदा. पट्टी पकडायचा खेळ. एकाने ३० सेमीची पट्टी वरून धरायची, दुसऱ्याची चिमूट शून्यापाशी उघडी, न सांगता सोडायची, कितीवर पकडली ते बघायचं. १५ सेमीवर पकडली म्हणजे साधारण ०.१७ सेकंद, २० ला ०.२. पट्टी पडायला किती वेळ लागतो ते गुरुत्वाच्या सूत्राने पोरं स्वतः काढतात, भौतिकशास्त्राचे सर पण खूश. मग तेच बोलता बोलता, किंवा मनात सातचा पाढा उलटा म्हणत करायला लावा, आकडा वाढलेला दिसेल.

पण एक गोष्ट, बऱ्याच गाइडांत याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून ठोकून दिलेलं असतं ते चूक आहे. डोळ्यांनी बघून, मेंदूने ठरवून मग बोटं मिटतात, ती प्रतिक्रिया. गुडघ्याखाली टकटक केल्यावर पाय उडतो ती खरी प्रतिक्षिप्त क्रिया, तिची वाट मेरुरज्जूतूनच फिरते. दोन्ही शेजारी शेजारी करा म्हणजे फरक आपोआप कळतो.

अंधबिंदूला तर नुसता कागद पुरतो. डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे ७ सेमीवर ठिपका. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडे टक लावायची आणि कागद हळूहळू जवळ आणायचा, २५-३० सेमीच्या आसपास ठिपका गायब. मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत. मग तोच प्रयोग रेघा ओढलेल्या कागदावर करा, ठिपक्याच्या जागी भोक दिसत नाही, रेघा सलग दिसतात. म्हणजे मेंदू जागा भरून काढतो. इथे माझा वर्ग दोन मिनिटं गप्प होता, जे एरवी कधी होत नाही 😄

रात्रपाळी

मी नर्स आहे, मुलीच्या शाळेत एक तास घ्यायला बोलावलं होतं तेव्हा केलेलं सांगते. हृदय विश्रांतीत एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं, मिनिटाला ठोके धरा ७०, म्हणजे जवळजवळ ५ लिटर. दोन बादल्या, एकीत पाणी, आणि ७० मिलीची खूण केलेलं छोटं भांडं. एका मिनिटात ७० वेळा पाणी या बादलीतून त्या बादलीत. बस.

आधी सगळ्यांना वाटलं यात काय एवढं. तिसाव्या फेरीला हात दुखायला लागले, पाणी सांडलं, एक जण घसरला (लागलं नाही, पण हे वर्गात करू नका, मैदानात करा). मिनिटाच्या शेवटी दुसऱ्या बादलीत साडेतीन लिटरसुद्धा भरले नव्हते. मग सांगितलं की हृदय हे दिवसाला एक लाखाच्या वर वेळा करतं, झोपेत पण. त्यानंतर स्वतःची नाडी मोजायला लावली, बसून आणि मग मिनिटभर जागेवर पळून. अंगठ्याने मोजू देऊ नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि आकडे काहीच्या बाही येतात.

जमलं तर बकऱ्याचं हृदय आणा. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या मानाने केवढी जाड आहे ते बोटांत धरून बघितलं की "डावीकडून सगळ्या शरीराला, उजवीकडून फक्त फुप्फुसांना" हे वेगळं पाठ करावं लागत नाही. महाधमनीच्या तोंडातून पाणी ओतलं तर झडप मिटून पाणी धरून ठेवते, फक्त ती फाटलेली नसावी, कापून देणारे बऱ्याचदा नेमकं तिथेच कापतात.

खडूची_धूळ

बापरे, एवढं सगळं! बरगड्यांचं उद्याच करते. रात्रपाळी ताई, हृदयाचं मनात आहे पण वर्गात पाच-सहा मुलं तरी नको म्हणतील, कोणाला पटत नाही, कोणाला किळस. त्यांचं काय करायचं? बाहेर बसवायचं का?

निवृत्त_मास्तर

बाहेर अजिबात नाही, ती शिक्षा वाटते. आणि "अरे घाबरला" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. त्यांना तेवढंच वजनदार काम द्या. हार्वीचा रुमाल त्यांनी करून निकाल वर्गाला सांगायचा, किंवा कागदाच्या गुंडाळीने ठोके ऐकायचे. रेने लेनेकने १८१६ मध्ये पहिला स्टेथोस्कोप असाच केला होता, कागद घट्ट गुंडाळून. नळीला फनेल लावलं तर स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकता येतात, म्हणजे कोणी कोणाच्या छातीला कान लावायची भानगड नको, या वयात ते अवघड होतं.

पेशीभित्तिका

उशिरा आले, पण रोगप्रसाराचं कोणीच लिहिलं नाही म्हणून टाकते. प्रत्येकाला अर्धा पेला पाणी, फक्त एका पेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी, कोणाचा ते फक्त तुम्हाला माहीत. प्यायचं नाही हे तीनदा बजावा. मुलं फिरून तीन वेगवेगळ्या जणांशी पाण्याची अदलाबदल करतात, म्हणजे दोघांचं एकत्र करून परत अर्धं अर्धं, आणि कोणाशी केली ते क्रमाने लिहून ठेवतात. फेरी सगळ्यांची एकाच वेळी. शेवटी तुम्ही प्रत्येक पेल्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (सोड्याच्या पाण्यात गुलाबी होणारं रसायन) दोन थेंब टाकता, लागण झालेले गुलाबी.

एकापासून तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त आठ. मग याद्या फळ्यावर घेऊन मूळ कोण ते शोधायचं. इथे मजा आहे, कितीही डोकं चालवलं तरी शेवटी दोघं उरतात, पहिल्या फेरीतले दोघं, आणि त्यातला कोण हे याद्यांवरून कळूच शकत नाही. आमच्याकडे पोरांनी एकाला दोषी ठरवूनही टाकलं, तो बिचारा दुसरा निघाला. मी मुद्दाम पहिल्या फेरीनंतरचे नमुने झाकून ठेवत नाही, ठेवले तरी दोघंही गुलाबीच येणार, हे त्यांचं त्यांना कळू दे.

खडूची_धूळ

अपडेट देते. बरगड्यांचं आणि रुमालाचं झालं. रुमालाला निम्म्या मुलांच्या शिरा दिसल्याच नाहीत, थंडी होती, मग हात कोमट पाण्यात बुडवून आल्यावर दिसल्या. मॉडेल परत काढलं आणि "कुठे खोटं बोलतंय" विचारलं, एकूण सात मुद्दे निघाले, त्यातला एक मला पण सुचला नव्हता: फुप्फुस फुग्यासारखं पोकळ नसतं, स्पंजसारखं असतं. मागच्या बाकावरच्या पोराने सांगितलं, जो एरवी झोपलेला असतो.

चाचणी तीच परत घेतली, न सांगता. बेचाळीसपैकी नऊ जणांनी अजूनही हवा भरते म्हणून छाती फुगते असंच लिहिलंय. त्या नऊ जणांना उद्या परत नाक धरायला लावते. सोड्याचं पुढच्या आठवड्यात. पेशीभित्तिका, थेंब टाकल्यावर रंग फिकट येतो का हो? सोडा किती घालता?

पेशीभित्तिका

तीन अदलाबदलीत तो आठपट पातळ होतो, तरी धुण्याचा सोडा असेल तर एक चमचा एका पेल्याला भरपूर. खाण्याचा घेऊ नका, त्याने नुसती गुलाबी छटा येते, कधी तेवढीही नाही. आदल्या दिवशी एकट्याने चार पेल्यांवर करून बघा.