घरच्या ओट्यावर मे महिन्यात नाटक: मुलांसाठी की आयांच्या हौसेसाठी?

गिरीजची_सून
परीक्षा संपली की आमच्या वसई पट्ट्यात प्रत्येक घरात एकच विषय, पोरांना दीड महिना कुठे अडकवायचं. स्विमिंग झालं, अबॅकस झालं, चर्चचं उन्हाळी शिबिर झालं आणि उरलेला सगळा वेळ मोबाईल. आम्ही आळीतल्या काही आया मिळून घरीच ओट्यावर नाटक बसवतो, संतांवरचं किंवा बायबलमधल्या एखाद्या गोष्टीवरचं. परवा एका लग्नात दोन नातेवाईकांनी त्यावरून मला चांगलंच सुनावलं, म्हणे तुम्ही मुलांची सुट्टी खाता आणि वर संतांची थट्टा करता. म्हणून इथे विषय काढला.

माझं मत सरळ आहे. हॉलमधल्या नाटकापेक्षा घरचं नाटक मुलांना जास्त देतं. हॉलमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहितीये, ज्या पोराचा आवाज खणखणीत आणि ज्याची आई कमिटीत त्याला मेन रोल, बाकीचे देवदूत, मेंढपाळ, आणि अगदीच लाजरी असतील ती पांढरा झगा घालून मागे उभी. आमच्याकडे पोरंच कमी, त्यामुळे एकाला तीन तीन रोल करावे लागतात, कोणी मागे उभं राहूच शकत नाही.

गेल्या वर्षी आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया केला. गासचं चर्च त्याच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं, पण आपल्या पोरांना विचारा कोण होता, तर जपानला गेला आणि मेला, संपलं. नाटक करायचं म्हटल्यावर तीच पोरं प्रश्न विचारायला लागली की वसईच्या पोराला जपानी कशी येत होती? मग सांगावं लागलं की बाप पोर्तुगीज, आई इथली, पोरवयातच जेजुइट फादरांबरोबर तिकडे गेला, बरीच वर्षं त्यांच्याकडे धर्मशिक्षणाचं काम केलं, मग व्यापारी झाला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संन्याशांच्या संघात गेला, तोही ब्रदर, फादर कधीच नव्हता, आणि १५९३ ला दुभाषा म्हणून परत जपानला. हा दुभाषा प्रकार पोरांना इतका आवडला की हिदेयोशीच्या, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या सत्ताधीशाच्या, दरबाराचा सीन त्यांनीच लिहिला. हिदेयोशी खोट्या जपानीत ओरडतो आणि गोन्सालो ते कादोडीत, आपल्या वसईच्या बोलीत, सांगतो, ओरडणं मोठं आणि भाषांतर अगदी छोटं आणि गोड. घरातल्या म्हाताऱ्या हसून हसून लोळल्या. आता याला कोणाला थट्टा म्हणायचं असेल तर म्हणो.

आमचे नियम थोडेच आहेत. व्हिडिओ काढायचा नाही, बक्षीस नाही, अर्ध्या तासाच्या वर न्यायचं नाही. बोला आता.

भुईगावकर
ताई, राग मानू नका पण विरोधात मीच पहिला लिहितो. वर्षभर दर रविवारी धर्मशिक्षण, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, क्रूसाची वाट, मे महिन्यात घरोघरी रोझरी, त्यात पहिलं कम्युनियन असेल तर त्याची वेगळी तयारी. पोरांनी श्वास कधी घ्यायचा? मे महिना आंबे, करवंदं, ताडगोळे आणि विहिरीत उड्या यासाठी असतो. आम्ही असंच वाढलो आणि कोणी आमचा विश्वास कमी झाला म्हणत नाही. तुम्ही म्हणता पोरांनी लिहिलं, पण विषय कोणी दिला? आईने. संत कोणी निवडला? आईने. मग ते शाळेचं प्रोजेक्टच झालं, फक्त घरी.

आणि ते व्हिडिओ नाही वगैरे तुमच्या घरी असेल. आमच्याकडे नाटकाआधीच कॉस्च्युमचे फोटो पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर येतात, मग दुसरी आई जरीचं कापड आणते, मग तिसरी दादरला जाऊन दाढीमिशा भाड्याने आणते.

गिरीजची_सून
भुईगावकर दादा, विहिरीत उड्या म्हणता, आता किती आया पोरांना एकटं विहिरीवर सोडतात सांगा बघू. आणि किती वाड्या उरल्यात? आमच्या मागची केळीची वाडी गेली तिथे आता सात मजली आहे. तुमचं बालपण छान होतं हे मान्य, पण ते आता कोणाला देता येण्यासारखं नाही.

सेकंड_शिफ्ट
मी नर्स आहे, नालासोपाऱ्याहून रोज विरार लोकलने अंधेरी. हे सगळं वाचून छान वाटतं आणि चीडपण येते. घरी नाटक करणाऱ्या आया म्हणजे ज्यांना दुपारी घरी बसायला मिळतं त्या. आमची पोरं दुपारभर आजीकडे नाहीतर शेजारी, आणि संध्याकाळी मी आल्यावर मला अंगात ताकद नसते. मग तुमची मुलगी संत सिसिलिया आणि माझी मुलगी कार्टून बघणारी, आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात हेच बोललं जातं. चांगली ख्रिस्ती आई कोण हे आता मे महिन्यातल्या नाटकावरून ठरणार का?

आणि एक साधी गोष्ट, सगळ्या धाग्यात आई, आई, आई. बाप कुठे गेले? का ते फक्त पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर?

भुईगावकर
बापांवर नका घसरू ताई, आम्ही खुर्च्या लावतो 😄

सेकंड_शिफ्ट
तेच म्हणतेय.

तालीमवाला
मी पॅरिशच्या नाटकात बरीच वर्षं काम करतोय, गुड फ्रायडेच्या दुःखसहनाच्या नाटकातही, म्हणून माझी बाजू थोडी वेगळी. मला घरच्या नाटकाबद्दल तक्रार नाही, कच्च्या नाटकाबद्दल आहे. चादर गुंडाळली की संत, काठी धरली की मोझेस, आणि सगळे पाठ केलेलं भाषण एका सुरात म्हणतात. मुलाला त्यातून काहीच मिळत नाही. नाटक ही कला आहे, शिकावी लागते.

पण भुईगावकर म्हणतात की नाटक म्हणजे मुलांवर ओझं, तेही मला पटत नाही. संत जॉन बॉस्को बघा, इटलीत तुरीनमध्ये रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून नाटक करायचे, स्वतः नियम लिहून काढले, आणि त्यांचा भर कशावर, तर नाटक लहान असावं, पोरांना मजा यावी, चांगलं काही शिकता यावं, आणि पोशाखाचा फार थाट नको. म्हणजे तुमच्या दादरच्या दाढीमिशांचं उत्तर एकोणिसाव्या शतकातच देऊन झालंय.

आणि फ्रान्समधली संत, लिझ्यूची तेरेजा. आपण तिला गुलाबाची फुलं घेतलेली शांत सिस्टर म्हणूनच बघतो, पण तिने कॉन्व्हेंटमध्ये आठ छोटी नाटकं लिहिली, तिथल्या सिस्टरांनीच ती केली आणि ती स्वतः जोन ऑफ आर्क झाली होती. त्या पोशाखातले तिचे फोटो आहेत, तिच्याच सख्ख्या बहिणीने काढलेले. १८९५ च्या जानेवारीत जोनला जाळतात त्या चितेच्या सीनसाठी स्पिरिटचे स्टोव्ह लावले होते, त्यांनी पडद्यामागे पेट घेतला आणि ती थोडक्यात वाचली. सांगायचा मुद्दा, घरच्या नाटकात मेणबत्त्या, समई, कापूर काहीही पेटवू नका, नायलॉनच्या ओढण्या असतात.

कुवेतची_मावशी
आमच्याकडे उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, बाहेर ४५ च्या वर, पोरं अक्षरशः फ्लॅटमध्ये कोंडलेली. इथे नाटक ही हौस नाही, गरज आहे. तीन चार वसईकर कुटुंबं शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी एका घरी जमतो आणि पोरं काहीतरी करतात.

पण मला भाषेबद्दल बोलायचंय. २०२० ला दिब्रिटो फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, केवढा अभिमान, आणि त्याच दिवशी घरात पोरांशी कम हिअर, ईट युवर फूड. माझ्या मुलांना मराठी समजते, कादोडी अर्धी समजते, बोलत मात्र काहीच नाहीत. नाटकात बोलावंच लागतं, उच्चार चुकला तर सगळे हसतात पण ते हसणं चालतं कारण सगळेच चुकत असतात. मी संत वगैरे सोडून दिलं असतं एक वेळ, पण भाषेसाठी तरी हे सोडणार नाही.

भुईगावकर
मग संत सोडाच ना मावशी! हेच तर म्हणतोय. भाषेसाठी नाटक करायचं तर आजोबांची गोष्ट करा, विड्याच्या पानांच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्यांची करा, त्यात पण विश्वास आहेच. प्रत्येक वेळी कोणीतरी संत व्हायलाच हवं का?

शेजारीण_पुष्पा
मी ख्रिस्ती नाही, पण माझा मुलगा असल्याच एका ओट्यावरच्या नाटकात होता म्हणून बोलू का? आधी मला थोडं धाकधुकीचं वाटलं, सासूबाईंना तर जास्तच. पण त्या वहिनी स्वतः घरी येऊन विचारून गेल्या, गोष्ट काय आहे ती सांगितली, त्याला प्रार्थनेचा भाग देणार नाही हेही सांगितलं. तो खलाशी झाला होता आणि महिनाभर घरात जहाज बुडत होतं. विचारलं म्हणून बरं वाटलं, न विचारता केलं असतं तर राग आला असता. एवढंच.

आणि भुईगावकर, पोरं एकत्र असली की झालं, बाकी तुम्ही भांडत बसा.

आळीतला_काका
मला वेगळंच खटकतंय. गोन्सालोचं नाटक केलं, बरं, मग शेवट काय दाखवला? १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्याआधी त्यातल्या २४ जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून भर थंडीत क्योटोहून चालवत नेलं. हे तुम्ही सात आठ वर्षांच्या पोरांकडून करून घेणार? आमच्या नातीने एकदा अशाच नाटकात मरणाचा सीन पाहिला आणि रात्री झोपेना. आणि नाही दाखवायचं म्हटलं तर ते नाटकच खोटं. मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

गिरीजची_सून
काका, मारणं ओट्यावर आणलंच नाही. त्या २६ जणांत तीन पोरगे होते, सगळ्यात लहान १२ वर्षांचा लुईस, आणि १४ वर्षांच्या थॉमसने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं. आमच्या मोठ्या मुलीने आई होऊन ते पत्र वाचल्यासारखं केलं, आमच्याच शब्दांत, आणि मग सूत्रधाराने एका वाक्यात सांगितलं की ते सगळे टेकडीवर गेले आणि परत आले नाहीत. कान, भाले काही नाही. लहानांना जेवढं कळायचं तेवढं कळलं, मोठ्यांनी नंतर जेवताना विचारलं तेव्हा खरं सांगितलं. खोटं कुठे आलं यात?

तालीमवाले दादा, तुमच्यासाठी. पोलंडवर नाझींचा ताबा होता तेव्हा क्राकोमध्ये काही तरुण १९४१ पासून लोकांच्या घरात, गुपचूप नाटक करत होते, ना सेट ना लाईट, फक्त शब्द. पकडले गेले असते तर जीवावर बेतलं असतं. त्यातला एक पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला. ते कच्चं नाटक होतं का?

तालीमवाला
ताई, ते नेमाने तालीम करायचे, शब्दाशब्दावर काम करायचे. सेट नाही म्हणजे कच्चं असं मी म्हटलंच नाही. उलट सेट नसेल तर बोलणं जास्त चोख लागतं. तुमच्या दुभाष्याच्या सीनला माझे पूर्ण मार्क, कारण तिथे एकजण खरंच दुसऱ्याचं ऐकतोय. तेवढं तरी सगळ्या सीनमध्ये आणा.

म्हापशेकार
गोंयकार मध्येच घुसतो, सॉरी. तुम्ही लोक फार सिरियस आहात हो. आमचा तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक, १८९२ ला सुरू झाला तोही तुमच्या मुंबईतच, आणि त्यात दोन प्रवेशांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, असतात ज्यांचा गोष्टीशी काही संबंध नसतो, त्यात पुढाऱ्यांपासून पाद्रीपर्यंत सगळ्यांची उडवतात. पोरांना मध्ये मध्ये दोन गाणी द्या आयांवरच, कोण कशी ओरडते, कोण व्हॉट्सॲपवर काय टाकते. ज्या आईला ते सहन होईल तिनेच नाटक बसवावं. आणि २४ जूनला सांजाव, म्हणजे संत जॉनचा सण, आहेच, तोपर्यंत शाळा सुरू झालेली असते तरी पोरं डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतातच, म्हणजे भुईगावकर पण खूश.

सेकंड_शिफ्ट
आयांवरचं गाणं आवडलं, माझ्या मुलीला लगेच सुचेल. गिरीजची_सून, राग नाही तुमच्यावर, पण प्रश्न तसाच आहे. दुपारी तालीम ठेवली की आमची पोरं आपोआप बाहेर. रविवारी मिस्सानंतर ठेवा, आणि निदान एका बापाला स्क्रिप्ट द्या, खुर्ची नको.

गिरीजची_सून
रविवार चालेल. गिरीजला यायला तुम्हाला नालासोपाऱ्याहून जवळच आहे, मुलीला घेऊन या, पहिल्याच रविवारी. बापाचं बघते, आमच्याकडचे तयार आहेत पण त्यांना हिदेयोशीच व्हायचंय आणि तो रोल एका नऊ वर्षांच्या मुलीने आधीच धरलाय, ती सोडणार नाही.

भुईगावकर
मी अजून विरोधातच आहे, नोंद असू द्या. पोरांना एक मे महिना कोणताही विषय न देता सोडून बघा आणि मग सांगा त्यांनी स्वतःहून नाटक केलं का क्रिकेट. माझी पैज क्रिकेटवर. आमचा धाकटा मात्र वरचं वाचून विचारतोय की खोटी जपानी कशी बोलायची, त्याला कोणीतरी उत्तर द्या, मला येत नाही.