मदत हवी आहे: मराठी-कन्नड मजकुरासाठी कोणता लँग्वेज सर्व्हर?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. शिकवणीच्या प्रश्नपत्रिका लाटेकमध्ये (खुणा लिहून पानं मांडायची प्रणाली) करतो, एकाच फाइलीत मराठी आणि कन्नड. एडिटर निओव्हिम, लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी.

सध्या टेक्सलॅब हा लँग्वेज सर्व्हर (लिहिताना एडिटरला सूचना आणि चुका पुरवणारा प्रोग्रॅम) वापरतोय. रस्ट भाषेत लिहिलेला, हलका; लेबलं, संदर्भ झटक्यात सुचवतो. पण शुद्धलेखन बघत नाही. त्यासाठी एलटेक्स हा दुसरा सर्व्हर लावला, तर तो जाव्हावर चालतो. पंखा गिरणीसारखा घोंघावायला लागला! शिवाय त्याच्या पोटात लँग्वेजटूल हा शुद्धलेखन-व्याकरण तपासनीस, त्याला मराठीही येत नाही, कन्नडही नाही. आमच्या चहावाल्याला दोन्ही येतात.

आणखी एक. चुकीची खूण देवनागरी ओळीत भलत्याच अक्षराखाली उमटते. एडिटर आणि सर्व्हर ज्या प्रोटोकॉलने बोलतात त्यात अक्षराची जागा मुळात यूटीएफ-१६ ने (अक्षरं साठवायची एक पद्धत) मोजतात; ३.१७ आवृत्तीपासून यूटीएफ-८ सुद्धा ठरवता येतं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, यूटीएफ-१६ मध्ये एकच एकक. घोळ तिथेच असावा असा माझा संशय.

टेक्सलॅबच्या जोडीला हनस्पेल या शुद्धलेखन तपासनिसाचा मराठी कोश कुणी बसवलाय का? की सरळ टाइप्स्ट (लाटेकसारखीच दुसरी प्रणाली) आणि त्याच्या टिनीमिस्ट सर्व्हरकडे वळू? बेळगाव-निपाणीकडचं कुणी दोन्ही लिप्यांत काम करत असेल तर आपली सेटिंगची फाइल टाका की.