देखणा फोटो नको, तीच चौकट पुन्हा हवी

फोटो व्हायरल झाले की गोव्यातल्या दूधसागर धबधब्यावर गर्दी तेवढी वाढते, त्याच्या भोवतीचं मोलेचं रान काही वाचत नाही, असं काही जण म्हणतात; ते अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या यलोस्टोनचे छायाचित्रकार जॅक्सनने १८७१ मध्ये काढलेले फोटो पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा होताना कामी आले. पण तिथे दाखवायचं होतं सौंदर्य. मोलेत दाखवायचा असतो बदल. रानातून जाणारं रेल्वेचं दुपदरीकरण, ४०० केव्हीची वीजवाहिनी अशा विषयात एकटा देखणा फोटो मुकाच.

त्यासाठी एकाच जागेवरून दरवर्षी तीच चौकट घ्या: जीपीएस नोंद, ट्रायपॉडची उंची, फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), महिना, सगळं तेच. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ ते ५० मिमी बरी. १६ मिमीच्या रुंद लेन्सने पुढ्यातली झुडपं फुगतात आणि डोंगरावरचा कापलेला पट्टा दोऱ्याएवढा दिसतो. पावसाळ्यात तर नकोच, श्रावणातलं गवत उघडी माती झाकून टाकतं. एप्रिलमध्ये तोच तांबडा ओरखडा लपत नाही. मूळ फाईल मात्र जपा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तारीख-जीपीएसची नोंद गळून पडते, मग पुरावा म्हणून तो लंगडा. आणि ड्रोन? अभयारण्यात परवानगीशिवाय उडवाल तर अंगाशी येईल.