गाळ्याच्या ॲपमधला हिशोब ब्राउझरमध्ये ठेवू की सर्व्हरवर? सल्ला हवाय

घणसोलीकर:
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी वेब ॲप बनवलंय. आवक नोंदवायची, वजन-दर भरायचे, हमाली-तोलाई-गाडीभाडं वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, काढायची. सर्व्हर २ जीबी मेमरीचा, स्वस्तातला, म्हणून सगळं काम ब्राउझरवर टाकलं होतं. आता पान उघडलं की वर्षभराच्या ६०,००० नोंदी एकदम खाली येतात आणि दिवाणजींचा जुना कॉम्प्युटर अडकतो. सगळं सर्व्हरवर न्यावं, तर पहाटे गाळ्यात नेटवर्क जातं. गाडी लागलेली असते, शेतकरी रात्रभर प्रवास करून आलेला असतो, त्याला ताटकळत ठेवणं मला पटत नाही. कुठलं काम कुठे ठेवू?

कोपरी_ठाणे:
६०,००० नोंदी ब्राउझरला देऊच नका. तारखेवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) लावा, बेरजा डेटाबेसकडूनच करून घ्या आणि पानावर ५० ओळी पाठवा. एवढ्या कामाला २ जीबी पुरतात. मी आधी वेब वर्कर (पानाच्या मागे वेगळा चालणारा कोड) लावून पाहिला होता. पान गोठायचं थांबलं, पण सगळा डेटा खाली येतच राहिला, शिवाय वर्करकडून मुख्य थ्रेडकडे, म्हणजे पान चालवणाऱ्या कोडकडे, त्याची नक्कल व्हायची. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगते, त्या हिशोबाने अशा एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, त्यात क्लिक, रंगकाम आणि तुमचा कोड, तिन्ही बसवायचं असतं. मात्र आजच्या दोनशे ओळी आलेल्याच असतील, तर त्यांचा क्रम बदलायला सर्व्हरपर्यंत जाऊ नका.

ऐरोली_लोकल:
कोपरीच्या ताईंशी सहमत. पट्टीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. वजन टाकताच रक्कम दिसावी म्हणून ब्राउझरमध्ये जरूर मोजा, पण सेव्ह करताना ती रक्कम स्वीकारू नका. गोण्या, वजन, दर एवढंच घ्या आणि सर्व्हरवर नव्याने मोजा. ब्राउझरमधला कोड डेव्हलपर टूल्स उघडून कोणालाही बदलता येतो, आणि इथे प्रश्न शेतकऱ्याच्या पैशांचा आहे. रकमा रुपयांऐवजी पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ + ०.२ नेमके ०.३ येत नाहीत. सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) असेल तर हिशोबाचं फंक्शन दोन्हीकडे एकच वापरा, नाहीतर स्क्रीनवर एक रक्कम आणि कागदावर दुसरी.

घणसोलीकर:
नोडच आहे दादा. मग नेट नसताना काय करू?

ऐरोली_लोकल:
सर्व्हिस वर्कर लावा, तो ब्राउझरमध्ये साठवलेलं पान नेट नसतानाही उघडतो. त्यासाठी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, लागेल. नोंदी इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये, साठवा. खरी अडचण पुढे येते. नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण उत्तर परत येण्याआधी नेट गेलं, तर ॲप ती पुन्हा पाठवणार आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या होणार. म्हणून प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच युनिक आयडी द्या आणि सर्व्हरवर त्या कॉलमला युनिकची अट घाला. दुसऱ्यांदा आलेली नोंद आपोआप अडते, तेव्हा चूक न दाखवता जुनंच उत्तर परत द्या. पट्टीचा नंबर मात्र सर्व्हरच देईल. तोवर छापील कागदावर ठळक ‘कच्ची पट्टी’ लिहा.

कोपरी_ठाणे:
वजनकाट्याच्या पावतीचे फोटो घेत असाल तर ते मोबाइलमध्येच कॅनव्हासवर (ब्राउझरची चित्र काढायची सोय) लहान करा, लांब बाजू १६०० पिक्सेल केली तरी अक्षरं नीट वाचता येतात. सर्व्हरवर आकार आणि प्रकार पुन्हा तपासाच.

घणसोलीकर:
दिवाणजींना विचारलं. कच्ची-पक्की ते वहीत आधीपासून करतात, त्यामुळे शिकवावं लागणार नाही. आता एकच अडलंय. दर नंतर दुरुस्त होतो, आणि दोघांनी दोन मोबाइलवर वेगळा टाकला तर कोणता धरू?

ऐरोली_लोकल:
मोबाइलच्या घड्याळावर जाऊ नका, ते पुढे-मागे असतं. नोंदीला आवृत्तीचा आकडा ठेवा. जुन्या आवृत्तीवरून आलेली दुरुस्ती सर्व्हरने परत पाठवायची आणि दोन्ही दर दिवाणजींसमोर ठेवायचे. कोणता दर ठरला होता हे सौद्याला हजर असलेला माणूसच सांगू शकतो.